मुलीच्या रविवारांसाठी मी केलेला अर्ज

आमच्याकडे ही हकिगत आता लग्नकार्यात सांगितली जाते. बायको सांगते तेव्हा त्यात मी भोळा असतो. मेहुणा सांगतो तेव्हा मी सरळसरळ बावळट असतो. मुलगी सांगतच नाही, ती फक्त "पप्पांनी अर्ज केला" एवढं म्हणते आणि ऐकणारे हसतात. यातलं काहीच खोटं नाही. पण सांगण्यात तपशील चुकतात, आणि तपशील चुकलेला मला चालत नाही. म्हणून लिहून ठेवतो आहे.

मी आनंदनगरच्या एमआयडीसीत पंपाचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर आहे. म्हणजे इतर लोक काम करतात आणि मी ते मोजतो. पंचवीस वर्षं हे केल्यावर माणसाचं जे होतं ते माझं झालं आहे. हॉटेलात गेलो की मेनूकार्डाच्या तळाशी बारीक अक्षरात काय आहे ते मी आधी वाचतो. सोनिवलीकडच्या नव्या इमारतीत फ्लॅट घेतला तेव्हा करारनाम्याचं पानन् पान वाचणारा मी पहिलाच, असं बिल्डरच्या ऑफिसातली मुलगी म्हणाली होती. मी ते कौतुक समजलो होतो.

मुलीला फिजिओथेरपीला प्रवेश मिळाला तेव्हा कॉलेजने स्टॅम्पपेपरवर एक हमीपत्र मागितलं. त्यावर तिने आणि मी दोघांनी सही करायची होती. मागे रांग होती. खिडकीतला माणूस म्हणाला, "काका, सही मारा फक्त, कोण वाचत नाय." मी बाजूला होऊन भिंतीला टेकून वाचलं. कलम चौदा असं होतं की अभ्यासक्रम पूर्ण होईपर्यंत विद्यार्थी प्राचार्यांच्या लेखी परवानगीशिवाय कोणतंही सवेतन काम, पूर्णवेळ किंवा अर्धवेळ, करणार नाही. बाकीची कलमं नेहमीची होती, पण हे मला आवडलं. 'लेखी परवानगीशिवाय' हे शब्द ज्याने घातले तो माणूस समंजस असणार, असं वाटलं. मी मुलीला ते बोट ठेवून दाखवलंही. ती म्हणाली, "हो पप्पा," आणि सही करून मोकळी झाली. अठरा वर्षांची होती.

तिसऱ्या वर्षाला गेल्यावर ती दर रविवारी सकाळी उल्हासनगरला मैत्रिणीकडे अभ्यासाला जाऊ लागली. जेवायच्या वेळेला परत. मला त्यात वावगं काही दिसलं नाही. उलट कारखान्यात मी दोघातिघांना सांगितलं होतं की आमची रविवारीसुद्धा पुस्तक सोडत नाही.

पुढे घरातला मिक्सर जळला आणि चार दिवसांत नवीन आला. बायको म्हणाली, ऑफर होती. आता, वॉरंटी कार्ड वाचणारा नवरा घरात असताना तिने ते कार्ड खोक्यात ठेवायला नको होतं. ही तिची चूक, आणि ती ती मान्य करते. कार्डावर दुकानाचा शिक्का उल्हासनगर कॅम्प दोनचा होता आणि खरेदीदार म्हणून आमच्या मुलीचं नाव होतं.

मी विचारलं, हे तिच्या नावावर कसं?

बायको चपात्या लाटत होती. लाटणं न थांबवता म्हणाली, "तिच्या पैशाचा आहे म्हणून."

मग सगळं बाहेर आलं. बायको घरी ब्लाउज शिवते. अस्तर, हुक, लेस हे सगळं ती वर्षानुवर्षं कॅम्प दोनमधल्या एका सिंधी दुकानदाराकडून आणते. दुकान खाली, घर वर. दुकानदाराच्या आईचा गुडघा बदलला होता. दवाखान्याने महिनाभर व्यायाम करून घ्यायला माणूस पाठवला, नंतर तो बंद झाला आणि म्हातारी पलंगाला धरून राहिली. चालायचं म्हटलं की रडायची. बायकोने कापड मोजून घेता घेता सांगितलं की आमची मुलगी हेच शिकते. दुकानदार म्हणाला, एकदा बघून तर जाऊ दे. ती एकदा बघायला गेली आणि जूनपासून दर रविवारी जात राहिली. दुकानदार पैसे द्यायचा, ती घ्यायची. दोघी मायलेकींनी मला सांगितलं नव्हतं, कारण मी कलम चौदा म्हणालो असतो. ते खरं आहे, मी म्हणालोच असतो.

मुलीला मी विचारलं की तुला काय कमी पडलं. प्रश्न चुकीचा होता. बापाने कमाईबद्दल विचारलेले बहुतेक प्रश्न चुकीचेच असतात. ती म्हणाली, कमी काही नाही, पण मामाचा मुलगा तिच्याच वयाचा, बारावीनंतर गोडाऊनला लागला, त्याने मागच्या दिवाळीला मामीला साडी घेतली. आणि ही एकवीस वर्षांची बाई चपलेचा अंगठा तुटला की माझ्यापुढे येऊन उभी राहते. साडेचार वर्षांचा कोर्स, त्यातले शेवटचे सहा महिने इंटर्नशिप, तोवर हातात काही नाही. शिकणाऱ्या मुलीचं वय वाढत जातं, घरातला हुद्दा मात्र दहावीचाच राहतो. हे शेवटचं वाक्य माझं आहे. ती इतकंच म्हणाली की मिक्सरच्या दुकानातल्या माणसाने तिला 'मॅडम' म्हटलं.

मी दोन दिवस गप्प होतो. बायकोला वाटलं चिडलो आहे. चिडलो नव्हतो, विचार करत होतो, पण माझ्या चेहऱ्यावर दोन्ही सारखंच दिसतं.

आमच्या धंद्यात 'डेव्हिएशन' नावाची एक गोष्ट असते. माल मापात बसला नाही, पण चालण्यासारखा आहे, तर तो फेकत नाहीत. एक फॉर्म भरायचा. काय चुकलं, किती नगांत, केव्हापासून, सगळं खरं खरं लिहायचं आणि गिऱ्हाइकाकडे पाठवायचं. गिऱ्हाईक सही करतं आणि माल जातो. लपवलं तर मात्र नोकरी जाते. पंचवीस वर्षांत मी असे शेकडो फॉर्म भरले असतील आणि खरं लिहिल्यामुळे माल परत आला असं क्वचित झालं आहे. शिवाय माझे वडील. ते अंबरनाथला एका कारखान्यात हेल्पर म्हणून लागले आणि सुपरवायझर होऊन निवृत्त झाले. त्यांची शिकवण एकच होती. तोंडी काही मागायचं नाही, तोंडी मागणं म्हणजे हात पसरणं. लिहून मागायचं, आणि पोच घ्यायची. आमच्या विहारातल्या लाइटचं कनेक्शनसुद्धा त्यांनी सतरा अर्ज करून आणलं होतं आणि सतराही पोचा फाईलला लावल्या होत्या. सहा डिसेंबरला लोक गप्प बसून असत, तेव्हा ते फाइली नीट लावत.

तर मी ठरवलं की परवानगी मागायची. कलमातच सोय होती.

आधी जाऊन जागा पाहून आलो. तपासणीशिवाय मी काही लिहीत नाही. एका गुरुवारी सुट्टी टाकली आणि कॅम्प दोनला गेलो. दुकानदार माझ्याच वयाचा, गळ्यात टेप. ओळख सांगितल्यावर त्याने स्टूल दिलं, चहा मागवला आणि मला जिन्याने वर नेलं. म्हातारी खुर्चीत बसली होती. मी कोण ते कळल्यावर तिने काठी घेतली, उठली, आणि पलंग ते गॅलरी, गॅलरी ते पलंग अशी एक फेरी मारून दाखवली. बसताना म्हणाली, "तेरी बेटी बहुत खडूस है, पुट. बैठने नहीं देती." माझ्या वयाच्या माणसाला कोणी पोरा म्हटलं की बरं वाटतं. दुकानदार म्हणाला, "साईं, लडकी हीरा है. चाहिए तो लिख के देता हूँ."

मी म्हणालो, द्या लिहून.

खाली आल्यावर त्याने कागद शोधला. दुकानाच्या नावाचा छापील कागद त्याच्याकडे एकाच प्रकारचा होता, बिलबुकाचा. त्याने त्यावरच लिहिलं. 'तपशील'च्या रकान्यात: फिजिओथेरपी, रविवार, जूनपासून, काम फर्स्टक्लास. खाली शिक्का मारला. त्या कागदाच्या डोक्यावर 'कॅश मेमो' असं छापलेलं होतं. इतरांच्या कागदात मी अर्ध्या मिलिमीटरची चूक पकडतो. ते दोन शब्द मला दिसले नाहीत असं नाही, दिसले होते. पण शिक्का इतका स्वच्छ उठला होता की मन भरून आलं.

अर्ज मी दोन पानी लिहिला. विषय, संदर्भ, कलम चौदा. जूनपासूनच्या सतरा रविवारांचा तक्ता, वेळेसह. तो बायकोकडून काढला. तिला वाटलं मला सहज जाणून घ्यायचंय. शेवटी लिहिलं की सदर काम परवानगीपूर्वी सुरू झाले याची कल्पना आहे, तरी झालेल्या दिवसांसह परवानगी मिळावी. सोबत जोडला प्रमाणपत्र म्हणून कॅश मेमो. मुलीला आधी सांगितलं नाही. परवानगीचं पत्र आलं की तिच्या हातात ठेवायचं, असं मनात होतं. कॉलेजच्या आवक-जावक खिडकीवर अर्ज दिला, दुसऱ्या प्रतीवर पोच घेतली आणि येताना अंबरनाथला उतरून वडापाव खाल्ला. असा वडापाव माणूस काम फत्ते झाल्यावरच खातो.

संध्याकाळी मुलीसमोर पोच ठेवली.

तिने ती वाचली, पान उलटलं, तक्ता पाहिला. मग खुर्चीत बसली. बॅग खांद्यावरून काढायची राहून गेली होती.

"पप्पा, हे तुम्ही दिलंत?"

मी म्हणालो, पोच आहे म्हणजे दिलंय.

तिने आवाज चढवला नाही. तिने मला समजावून सांगितलं, जसं मी नव्या ट्रेनीला व्हर्नियर कसा धरायचा ते सांगतो तसं. वर्गातली अर्धी मुलं काही ना काही करतात. एक शिकवणी घेते, एक मेडिकलच्या दुकानात बसतो, दोघी जिममध्ये जातात. सर-मॅडमना ठाऊक आहे. पण ठाऊक आहे असं कोणी त्यांना सांगितलेलं नाही, म्हणून त्यांना काही करावं लागत नाही. "तुम्ही त्यांना सांगितलंत," ती म्हणाली. "ते पण शिक्क्यासकट. आता त्यांना काहीतरी करावंच लागेल."

बायको आतून बाहेर आली, पोच पाहिली आणि म्हणाली, "अहो, तुम्ही मालाचा फॉर्म भरलात. ही तुमची पोरगी आहे."

आठ दिवसांनी पत्र आलं. शिस्तपालन समितीसमोर पालकासह हजर राहावे. विद्यार्थिनीने स्वतंत्रपणे सशुल्क उपचार केल्याचे पालकांनी सादर केलेल्या पावतीवरून दिसून येते, त्याअर्थी निर्णय होईपर्यंत टर्म ग्रँट रोखण्यात येत आहे. टर्म ग्रँट म्हणजे परीक्षेला बसायची कॉलेजने दिलेली मोकळीक. ती नाही मिळाली तर वर्ष गेलं. तिच्याबरोबरचे सगळे शेवटच्या वर्षाला जाणार आणि ही खालच्या वर्गातल्या मुलांबरोबर पुन्हा तेच करणार. पुरावा होता एकच, आणि तो मी स्टेपल करून दिला होता.

सुनावणीला बारा दिवस होते. त्या बारा दिवसांत मुलगी माझ्याशी नीट बोलत होती, आणि ते जास्त जड जात होतं. रविवारचं जाणं तिने थांबवलं. अभ्यास करायची, पण पुस्तकाचं पान बराच वेळ तेच असायचं. मी जाता-येता पान क्रमांक बघत होतो. सवय.

मेहुणा आला. त्याचं असं आहे की कुठलीही अडचण त्याला आवडते. त्याने ऐकून घेतलं आणि दहा मिनिटांत मार्ग काढला. "दाजी, सोपं आहे. शेठकडून दुसरा कागद आणा. पोरगी सेवा म्हणून जायची, एक पैसा घेतला नाही. कॅश मेमो चुकून लिहिला. फुकट काम केलं तर कलम लागतच नाय. सवेतन लिहिलंय ना तुमच्या त्या कलमात?"

मी कलम पुन्हा वाचलं. सवेतनच लिहिलं होतं.

इथे मी माझ्याबद्दल चांगलं काही सांगू शकलो असतो तर बरं झालं असतं. पंचवीस वर्षं खरं लिहिणारा इन्स्पेक्टर, वडिलांची फाईल वगैरे. पण मी दुसऱ्याच दिवशी दुकानदाराला फोन केला. तो तर तयारच होता, म्हणाला, जो बोलो वो लिख दूँगा साईं, इस बार सादे कागज पे. मसुदा मी स्वतः केला. वृद्ध महिलेस माणुसकीच्या नात्याने, विनामोबदला, सेवाभावाने. चांगला उतरला होता. आयुष्यात पहिल्यांदा खोटं लिहिलं तर तेही सुवाच्य.

मसुदा मुलीला दाखवला. बायको बाजूला अस्तर कापत होती.

मुलीने वाचला आणि टेबलावर ठेवला. "मी पैसे घेतले," ती म्हणाली. "काम केलं म्हणून घेतले. फुकट केलं असं लिहिलं तर मग मी काय केलं, पप्पा?"

मी म्हणालो, वर्ष वाचेल.

ती म्हणाली, "आजीच्या आईची गोष्ट तुम्हीच सांगता ना."

ती म्हणत होती ती माझ्या आईची आई. गावात मेलेली ढोरं ओढण्यापासून पाटलाचं अंगण सारवण्यापर्यंत सगळं करायची, आणि मोबदला म्हणून संध्याकाळी शिळं. कामाला पैसे हा शब्दच नव्हता. आमच्या घरात फुकट केलेल्या कामाची परंपरा बरीच जुनी आहे आणि ती मोडायला दोन पिढ्या गेल्या. ही गोष्ट मी जयंतीला लहान मुलांना सांगतो. मुलगी ऐकत असते असं मला कधी वाटलं नव्हतं, कारण ती तेव्हा मोबाइल बघत असते.

बायकोने कात्री खाली ठेवली, मसुदा उचलला आणि त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर ब्लाउजचं माप लिहून घेतलं. तो विषय तिथे संपला.

सुनावणीच्या दिवशी आम्ही तिघं गेलो. समिती म्हणजे प्राचार्या मॅडम आणि दोन प्राध्यापक. मॅडम साठीच्या आसपासच्या, ताठ बसणाऱ्या. त्यांनी मला बसायला सांगितलं. माझा अर्ज त्यांच्यासमोर होता, तक्त्यावर पेन्सिलच्या खुणा होत्या. त्यांनी मला एकच प्रश्न विचारला, की हे सगळं मी स्वतःहून का लिहिलं. मी डेव्हिएशनबद्दल सांगू लागलो. एका प्राध्यापकाने खिडकीबाहेर पाहिलं. मॅडमनी शेवटपर्यंत ऐकलं, मग मुलीकडे वळल्या.

पैशाबद्दल त्यांनी विचारलंच नाही. विचारलं, पहिल्या दिवशी गुडघा किती वाकत होता. मुलीने सांगितलं. कुठले व्यायाम, किती वेळा, जिना कधी सुरू केला. ती सांगत गेली. मला त्यातलं अर्धं कळत नव्हतं, पण माप सांगणारा माणूस खरं सांगतो की अंदाजे, ते मला आवाजावरून कळतं. ती खरं सांगत होती. मग मॅडम म्हणाल्या, अडचण आली असा एखादा रविवार सांग.

मुलगी म्हणाली, एका रविवारी दुकानदाराच्या अम्मांची पोटरी दुखत होती. जरा दाबून दे म्हणाल्या. तिने हात लावला नाही. व्यायामही घेतले नाहीत, दुकानदाराला सांगून त्यांना त्याच दिवशी डॉक्टरकडे पाठवलं. अम्मा रुसल्या. डॉक्टर म्हणाले, काही नाही, शिरेवर शीर चढली असेल.

"का नाही दाबली?"

"ऑपरेशननंतर पायात रक्ताची गाठ झालेली असू शकते, मॅडम. दाबली तर ती सुटून वर जाऊ शकते."

"बरोबर," मॅडम म्हणाल्या. आणि मग त्याच आवाजात: "आणि त्या दिवशी तुझ्या लक्षात आलं नसतं तर? तुझ्यावर कोण होतं?"

मुलगी टेबलावरच्या माझ्या तक्त्याकडे बघू लागली.

"वॉर्डात तू चुकलीस तर मागे सिनिअर उभी असते, तिच्यामागे मी असते. त्या घरात कोण होतं? तू, म्हातारी आणि खाली दुकान."

मला सांगायला हवं की त्या क्षणी मला पहिल्यांदा कलम चौदा कळलं. आमच्याकडे ट्रेनी कितीही हुशार असो, त्याने मोजलेल्या मालावर त्याची एकट्याची सही चालत नाही. खाली दुसरी सही लागते. दोन वर्षं लागते, मग सुटते. हे मी स्वतः ट्रेनींना सांगतो, आणि ते तोंड वाकडं करतात तेव्हा मला राग येतो. मी इतके दिवस 'सवेतन' आणि 'परवानगी' हे दोन शब्द घासत बसलो होतो. दुसऱ्या सहीचा विचार मला शिवला नव्हता. आणि माझ्या त्या दोन पानी अर्जात सतरा रविवारांचा तक्ता होता, पण देखरेख कोणाची, असा रकानाच नव्हता.

आम्हाला बाहेर बसवलं. बायकोने पिशवीतून पाण्याची बाटली काढून मुलीला दिली, मला दिली नाही. अर्ध्या तासाने बोलावलं. टर्म ग्रँट मिळाली. परीक्षेला बसता येणार होतं. पण काम त्या दिवसापासून बंद, फाईलला लेखी ताकीद, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत चार आठवडे वॉर्डात जादा ड्यूटी, अर्थातच विनावेतन. पेशंटला वाऱ्यावर सोडता येत नाही, तेव्हा नोंदणी झालेल्या फिजिओथेरपिस्टच्या हाती सोपवून तसं कळवायचं. निघताना मॅडम मला म्हणाल्या, "अर्ज चांगला लिहिता तुम्ही." त्यात किती कौतुक होतं ते मी मोजायच्या भानगडीत पडलो नाही.

पुढच्या वर्षीच्या माहितीपुस्तकात कलम चौदामधले 'प्राचार्यांच्या लेखी परवानगीशिवाय' हे शब्द काढून टाकले आहेत. आता नुसतं 'करणार नाही' एवढंच आहे. मुलीच्या ज्युनिअर मुलांना हे कोणामुळे झालं ते माहीत आहे. कॉलेजच्या कार्यक्रमाला मी गेलो की ती मला वाकून नमस्कार करतात, जरा जास्तच वाकून.

अम्माला सोपवायला आम्ही सुनावणीनंतरच्या पहिल्याच रविवारी गेलो होतो. मीही गेलो, कारण मुलगी म्हणाली चला. बायकोच्या एका गिऱ्हाइकाची सून नोंदणी झालेली फिजिओथेरपिस्ट होती, तिची भेट ठरवली होती. मुलीने तिच्यासाठी एक पान लिहून आणलं होतं. गुडघा किती वाकतो, किती पायऱ्या, कशाने दुखतं, कशाने रुसतात. मी ते वाचायला मागितलं नाही. मागावंसं वाटलं होतं.

नवी बाई कामाची होती. अम्माला उभं केलं, मोजायला लागली, एक, दो. अम्मा प्रत्येक पावलाला तिच्याकडे न बघता आमच्या मुलीकडे बघत होती. मुलगी भिंतीपाशी हात मागे बांधून उभी होती. दोनदा ती नकळत पुढे झाली आणि पुन्हा मागे गेली. तिसऱ्यांदा म्हणाली, "अम्मा, उनको देखो. मुझे नहीं."

फेरी झाली. अम्मा बसली, दम घेतला, आणि तिने विचारलं, आता तू कधी येणार. मुलगी म्हणाली, पास झाल्यावर. दीड वर्ष.

"डेढ़ साल?" अम्मा म्हणाली. "तब तक तो मैं दौड़ने लगूँगी, पुट. फिर तू क्या करेगी?"

दुकानदार हसला, नवी बाईही हसली. मुलगी हसली नाही. ती खाली वाकून अम्माच्या चपलेकडे बघत होती. मागचा पट्टा सैल झाला होता, चालताना पाय बाहेर सरकत होता. तिने तो काढला, एक भोक आत घेऊन पुन्हा लावला, बोट घालून घट्ट बसलाय का ते पाहिलं, आणि दोन्ही पायांचा बघितला. हे कलमात बसतं की नाही, ते मी विचारलं नाही.